५० पौंडांचा भागीदार

एखादी पेढी काढावी तसा तो दौरा काढला होता. भागीदार होणाऱ्या प्रत्येक खेळाडूनं ५० पौंड टाकायचे. त्यातून बोटीचं भाडं, रेल्वे आणि हॉटेलं भागवायची, वाटेत जमेल तिथं सामने खेळून गेटचे पैसे गोळा करायचे आणि परतल्यावर खर्च वजा जाता जे उरेल ते वाटून घ्यायचं. व्यवस्थापक होता जॉन कॉनवे, मेलबर्नचा. साल १८७८. त्याआधी, १८६८ साली, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंचा एक संघ इंग्लंडला जाऊन आला होता. पण वसाहतीतल्या गोऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर आणि स्वतःच्या पैशावर काढलेला हा पहिलाच दौरा. भागीदारांत सव्वासहा फुटांचा, काटकुळा, गरुडनाक्या असा चोवीस वर्षांचा एक तरुण होता. बँक ऑफ न्यू साउथ वेल्समधला कारकून, फ्रेडरिक रॉबर्ट स्पॉफर्थ.

क्रिकेटच्या इतिहासात तो ‘डेमन’, म्हणजे राक्षस, म्हणून ओळखला जातो. १८ कसोट्या, ९४ बळी, सरासरी १८.४१, कसोटीत ५० बळींपर्यंत पोचलेला पहिला गोलंदाज. हे आकडे कुठंही सापडतात. त्याच्या टोपणनावाखाली दडलेला बँकवाला मात्र सहसा कुणी पाहत नाही, आणि तो पाहिल्याशिवाय या माणसाचा ‘हौशी’पणा नीट कळत नाही.

बँक त्याच्या घरातच होती. वडील एडवर्ड मूळचे यॉर्कशरचे, पेशानं बँकेतले कारकून. फ्रेडचा जन्म ९ सप्टेंबर १८५३ चा, सिडनीच्या बॅलमेन उपनगरातला. लहानपणाचा काही काळ न्यूझीलंडमधल्या होकियांगात गेला, मग सिडनीतली शाळा, थोडे दिवस सिडनी ग्रामर, आणि तिथून थेट बँकेचं टेबल. बँक ऑफ न्यू साउथ वेल्स ही १८१७ सालची, त्या देशातली पहिली बँक. त्या काळी सरकारी नोटा नव्हत्या. खासगी बँका आपापल्या नोटा काढत, आणि १९१० पर्यंत हेच चाललं. म्हणजे एका बँकेच्या गल्ल्यात दुसऱ्या बँकेच्या नोटा जमणार, त्या वेगळ्या काढायच्या, मोजायच्या आणि त्या-त्या बँकेशी देणंघेणं मिटवायचं. त्यात भर सोन्याच्या खाणींची. मातीतून सोनं निघत होतं आणि ते तोलून विकत घेणं हाही बँकेच्या कामाचाच भाग होता.

कारकुनाचं मुख्य काम मात्र वह्यांचं. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत, तिथून खतावणीत, प्रत्येक रक्कम दोनदा, दोन बाजूंना. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आपल्या आजोबांच्या रुपये-आणे-पैची सवय असलेल्याला ही डोकेदुखी वेगळी समजावून सांगायला नको. संध्याकाळी ताळा जमला तर टोपी घालून बाहेर पडायचं, नाहीतर बसायचं शोधत. त्या शोधण्याचंही एक तंत्र असतं. पौंडांच्या रकान्यातला फरक नऊनं भागला जात असेल, तर बहुधा कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ झालेत. फरकाला दोननं भागल्यावर येणारी रक्कम वहीत कुठं दिसली, तर ती नावेऐवजी जमेला पडली आहे. आणि फरक एखाद्या नोंदीइतकाच असेल, तर ती नोंद उतरवायची राहून गेली. मुरलेला कारकून सगळी वही पुन्हा बेरजेला घेत नाही. चुकीच्या आकारावरून चूक कुठं लपली असेल ते ओळखतो.

स्पॉफर्थची गोलंदाजी वाचताना ही सवय मला राहून राहून आठवते. सुरुवातीला तो निव्वळ वेगाचा गोलंदाज. १८६३-६४ साली इंग्लंडचा जॉर्ज टॅरंट ऑस्ट्रेलियात आला होता. त्याचा वेग या दहा वर्षांच्या पोरानं डोळ्यांत साठवला. पुढं १८७३-७४ च्या दौऱ्यावर सरेचा जेम्स सदर्टन आला. संथ गोलंदाज, बोटांतून चेंडू वळवणारा. स्पॉफर्थनं या दोघांना एका हातात आणायचं ठरवलं. ऐकायला सोपं, करायला अवघड, कारण हळू चेंडू टाकताना शरीर आपोआप चहाडी करतं. धाव मंदावते, खांदा सैल पडतो, हात किंचित आधी खाली येतो आणि फलंदाज चेंडू सुटण्याआधीच मागच्या पायावर जाऊन उभा राहतो. म्हणून हात त्याच वेगानं, तेवढ्याच उंचीवरून यायला हवा आणि वेग कमी करायचं काम पकडीवर सोडायला हवं. चेंडू बोटांच्या टोकाशी न धरता तळव्याकडे आत घेतला, की बोटांचा रेटा कमी बसतो. हात तितक्याच जोरात फिरतो, चेंडू मात्र उशिरा पोचतो. यात घसरायला जागा दोन. चेंडू लवकर सुटला तर टप्पा न पडता फुलटॉस जातो, उशिरा सुटला तर अर्ध्या खेळपट्टीत आपटतो, आणि दोन्हींची शिक्षा एकच. स्पॉफर्थनं हे इतकं घोटलं की पुढं त्याचं मुख्य हत्यार वेग राहिलाच नाही. मध्यमगती ऑफब्रेक, मधूनच खरा वेगवान चेंडू आणि मधूनच तशाच हातातून येणारा संथ, हे त्रिकूट होतं. फलंदाज कुठं चुकतो त्याची खतावणी डोक्यात.

या कारकुनाचं पहिलं गाजलेलं भांडण झालं तेही दुसऱ्या बँकवाल्यावरून. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला जेम्स लिलीव्हाइटच्या इंग्लिश संघाशी सामना ठरला. आज आपण त्याला पहिली कसोटी म्हणतो. स्पॉफर्थची निवड झाली, पण यष्टींमागं त्याचा सिडनीचा दोस्त बिली मर्डॉक नाही हे कळल्यावर त्यानं खेळायलाच नकार दिला. निवडलेला यष्टीरक्षक होता मेलबर्नचा जॅक ब्लॅकहॅम, कलोनियल बँक ऑफ ऑस्ट्रेलेशियामधला कारकून. स्पॉफर्थविना ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकला. चार्ल्स बॅनरमननं १६५ काढल्या आणि केंडलनं दुसऱ्या डावात ५५ धावांत ७ घेतले. दोन आठवड्यांनी दुसरा सामना. या वेळी स्पॉफर्थ आला, मर्डॉकही संघात होता, पण ग्लव्हज ब्लॅकहॅमच्याच हातात. पहिल्या डावात आल्फ्रेड शॉ क्रीजबाहेर आला, स्पॉफर्थच्या वेगवान चेंडूवर चुकला, आणि यष्टींना चिकटून उभ्या असलेल्या ब्लॅकहॅमनं बेल्स उडवल्या. धावफलकावर लागलं: यष्टिचीत ब्लॅकहॅम, गो. स्पॉफर्थ, १. त्यानंतर यष्टीरक्षकाबद्दल स्पॉफर्थनं तक्रार केल्याचं कुठं नाही.

ब्लॅकहॅमचं मोल एका स्टंपिंगपुरतं नव्हतं. तोवर वेगवान गोलंदाजीला यष्टीरक्षकाच्या मागं सीमेकडे एक लाँगस्टॉप उभा करायची रीत होती, कारण पातळ ग्लव्हजमधून, खडबडीत खेळपट्टीवर बरेच चेंडू सुटायचे. बायचे चार देण्यापेक्षा एक माणूस मागं बांधून ठेवलेला परवडायचा. ब्लॅकहॅम यष्टींना लागून उभा राहायचा आणि तरीही लाँगस्टॉपची गरज पाडायचा नाही. म्हणजे एक क्षेत्ररक्षक शिल्लक. ही शिल्लक गुंतवली कुठं? हॅरी बॉईल फलंदाजाच्या पुढ्यात, ऑनच्या बाजूला काही पावलांवर जाऊन उभा राहिला. आजच्या भाषेत सिली मिडऑन. ऑफब्रेक उजव्या फलंदाजाच्या अंगावर वळतो. बॅटीची आतली कड किंवा पॅड घेऊन उडालेला चेंडू नेमका तिथंच पडतो. त्याहून महत्त्वाचं, समोर माणूस दिसला की फलंदाज पुढं झुकून चेंडू मारायला कचरतो, मागं अडकून पडतो, आणि मागं अडकलेल्याला वेग ओळखायला वेळ मिळत नाही. ब्लॅकहॅम, बॉईल आणि स्पॉफर्थ हे असं एकमेकांच्या जमाखर्चावर चालणारं यंत्र होतं. नाव मात्र एकाचंच झालं.

हे यंत्र इंग्लंडनं पहिल्यांदा पाहिलं २७ मे १८७८ ला, लॉर्ड्सवर. समोर मेरिलबोन क्रिकेट क्लबचा (एमसीसी) भक्कम संघ, त्यात इंग्लंडचा तेव्हाचा सगळ्यांत मोठा खेळाडू, डब्ल्यू. जी. ग्रेस. ओल्या खेळपट्टीवर एमसीसी ३३ मध्ये बाद: स्पॉफर्थ ४ धावांत ६ बळी, त्यात हॅटट्रिक. ऑस्ट्रेलियाच्या ४१. दुसऱ्या डावात ग्रेसचा त्रिफळा स्पॉफर्थनं शून्यावर उडवला आणि एमसीसी १९ मध्ये संपली. बॉईलचे ३ धावांत ६, स्पॉफर्थचे १६ धावांत ४. जिंकायला हव्या होत्या १२ धावा, त्या एका गड्याच्या बदल्यात झाल्या. सगळा सामना एका दिवसात उरकला. तोवर वसाहतीतले हे कोण, म्हणून बघणारे लोक दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सामन्यांना तिकीट काढून येऊ लागले. ५० पौंडांच्या भागधारकांसाठी याहून चांगली जाहिरात काय असणार! दौरा संपवून परतले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सातशे पौंड आल्याचं सांगितलं जातं.

इथं इंग्लंडातल्या मंडळींची पंचाईत झाली. त्यांच्याकडे क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या: हौशी आणि व्यावसायिक. धावपत्रिकेवर हौशी माणसाच्या नावाआधी ‘मिस्टर’, व्यावसायिकाचं नुसतं नाव. मैदानात उतरायची दारं वेगळी, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. ऑस्ट्रेलियन आले ते ‘मिस्टर’ म्हणून आले, आणि गेटच्या पैशात वाटाही घेऊन गेले. मग हे कोण? नोकरीधंदा करणारे सभ्य गृहस्थ, की पैशासाठी खेळणारे? इंग्लिश वर्तमानपत्रं त्यावर नाकं मुरडत राहिली.

नाकं मुरडण्याआधी त्यांनी घरची वही बघायला हरकत नव्हती. १८७३-७४ चा ऑस्ट्रेलिया दौरा ग्रेसनं काढला तेव्हा या थोर हौशी खेळाडूनं खर्चाव्यतिरिक्त १,५०० पौंड घेतले होते. त्याच बोटीनं आलेल्या व्यावसायिकांना १५० पौंड आणि वर हातखर्चाला २०. स्पॉफर्थला संथ चेंडूची गोडी लावणारा सदर्टन या १७० वाल्यांमधला. तेव्हा हौशी कोण हे पैसे घेण्यावर ठरत नव्हतं. ते ठरत होतं सोमवारी सकाळी तुम्ही कुठं जाऊन बसता यावर. डॉक्टर दवाखान्यात बसला, वकील कोर्टात, कारकून बँकेत, की झालं. माझ्या मते स्पॉफर्थच्या बँकेचं खरं महत्त्व हेच. पगारापेक्षाही बँकेच्या टेबलानं त्याला ‘मिस्टर’ दिलं, आणि ते ‘मिस्टर’ हातात असल्यामुळं गेटचा हिशेब तो ताठ मानेनं मागू शकला. व्यावसायिकानं हाच हिशेब मागितला असता, तर हावरट ठरला असता.

जानेवारी १८७९ मध्ये मेलबर्नला त्यानं लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध कसोटीतली पहिली हॅटट्रिक घेतली. रॉइल, मॅकिनन, एमेट, तीन चेंडूंत तिघे. सामन्यात ११० धावांत १३ बळी. पुढच्याच महिन्यात सिडनीला न्यू साउथ वेल्सशी सामना चालू असताना मर्डॉकला धावबाद दिलं आणि लोक मैदानात घुसले. पंच कोल्टहार्डला हॅरिसनं मेलबर्नहून आणलेलं, सामन्यावर उघड पैजा लागलेल्या, आणि पैजेत हरणाऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. खुद्द हॅरिसला छडीचा फटका बसला. दुसऱ्या बाजूचा पंच एडमंड बार्टन, हा पुढं ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. आणि हाच हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईची पोरं शाळेत असताना ज्या हॅरिस शील्डसाठी जीव टाकतात, ती याच्याच नावाची.

१८८० च्या दौऱ्यात स्कार्बरोच्या सामन्यात बोट मोडलं आणि इंग्लंडमधली पहिली कसोटी स्पॉफर्थला बाहेर बसून बघावी लागली. म्हणून १८८२ चा हिशेब बाकी होता.

त्या वर्षीच्या संघात तिसरा बँकवाला होता, ह्यू मॅसी. सिडनीचा, बँकिंगचाच पेशा, सलामीला येऊन पहिल्या चेंडूपासून मारणारा. दौऱ्याच्या पहिल्याच सामन्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध त्यानं २०६ ठोकल्या. बँकेत असा माणूस कसा टिकला असेल, असा प्रश्न पडावा इतका बेहिशेबी. पण लंडनच्या ओव्हल मैदानावर, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, २९ ऑगस्टच्या सकाळी, नेमका तोच हिशेबाचा निघाला.

आदल्या दिवशी ऑस्ट्रेलिया ६३ मध्ये संपलं होतं आणि इंग्लंड १०१ मध्ये. इंग्लंडच्या डावात स्पॉफर्थचे ४६ धावांत ७. आघाडी ३८ ची. रात्री आणि सकाळी पाऊस पडला. त्या काळी खेळपट्टीवर आच्छादन नसे. जे पडेल ते मातीत मुरणार. ओल्या खेळपट्टीचे दोन टप्पे असतात आणि सगळी मेख त्यांच्या वेळेत असते. पाणी मुरलेलं ताजं असताना माती रबडी असते. चेंडू पडला की घसरत सरळ येतो, वळत नाही. चेंडूही भिजलेला, साबणासारखा, गोलंदाजाच्या बोटांत राहत नाही. लाकडाचा भुसा चोळूनही नाही. मग ऊन-वारा लागतो, वरचा थर सुकतो आणि खाली ओल राहते. आता चेंडू त्या पापुद्र्यात रुततो, थांबून उडतो, हातभर वळतो. पहिल्या टप्प्यात फलंदाजाला अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात जे लुटायचं ते लुटायचं.

मॅसीनं तेच केलं. समोर ॲलेक बॅनरमन चेंडू अडवत उभा, आणि हा फटके मारत सुटलेला. ३८ वर असताना लाँगऑफला ल्यूकसच्या हातून त्याचा झेल सुटला. ५५ वर स्टीलनं त्याचा त्रिफळा उडवला तेव्हा संघाच्या ६६ झाल्या होत्या. त्या ५५ ची फोड अशी: नऊ चौकार, दोन वेळा तीन, तीन वेळा दोन आणि सात एकेरी. उरलेल्या नऊ गड्यांनी मिळून आणखी ५६ धावा केल्या. तोवर खेळपट्टी दुसऱ्या टप्प्यात गेली होती. मॅसीचा झेल टिकला असता तर त्या सामन्याची गोष्ट आज कुणी सांगितली नसती, असं मला अगदी नक्की वाटतं. गोलंदाजी करताना राखायला स्पॉफर्थला काहीतरी धावा लागणार होत्या, त्या या मारकुट्या बँकवाल्यानं दिल्या.

११४ धावा झाल्या असताना सॅमी जोन्स एक धाव पूर्ण करून, चेंडू संपला असं समजून खेळपट्टी ठोकायला क्रीजबाहेर आला. ग्रेसनं बेल्स पाडल्या, पंचांनी बाद दिलं. नियमात बसत होतं, रीतीत बसत नव्हतं. स्पॉफर्थ संतापला. इंग्लंडपुढं लक्ष्य ८५. पण संतापलेला गोलंदाज सहसा टप्पा हरवतो. यानं हरवला नाही.

१५ धावांवर हॉर्नबी आणि बार्लो, दोघांचे त्रिफळे लागोपाठच्या चेंडूंवर. मग ग्रेस आणि युलिएट यांनी ५१ पर्यंत नेलं. ३४ धावा हव्यात, आठ गडी हातात. कुणीही पैज इंग्लंडवर लावली असती. कर्णधार मर्डॉकनं स्पॉफर्थचं टोक बदलून त्याला पॅव्हिलियनच्या बाजूनं आणलं. तिथं पाठीमागं आजच्यासारखा पांढरा पडदा नव्हता; उंचावरून सुटलेला चेंडू पॅव्हिलियनच्या काळोखातून येणार. ५१ वर युलिएटचा झेल ब्लॅकहॅमनं घेतला, ५३ वर ग्रेसला बॉईलनं काढलं. आले लिटलटन आणि ल्यूकस, आणि धावाच थांबल्या. सलग १२ षटकं निर्धाव. तेव्हाचं षटक चार चेंडूंचं, म्हणजे ४८ चेंडू. धोका इथं असा होता की लिटलटन बॉईलच्या टोकाला स्थिरावला होता. मग क्षेत्ररक्षकांनी ठरवून एक चेंडू सुटू दिला, एक धाव दिली, आणि लिटलटन स्पॉफर्थसमोर आला. एक पेनी देऊन पौंड घ्यायचा व्यवहार. आणखी चार निर्धाव षटकं गेली आणि ६६ वर लिटलटनचा त्रिफळा उडाला.

पुढचं वेगानं झालं. ७० वर स्टील, ७० वरच रीड, ७५ वर ल्यूकस आपल्याच यष्टींवर चेंडू ओढून. स्पॉफर्थच्या शेवटच्या ११ षटकांत १० निर्धाव, २ धावा, ४ बळी. उरलेले बार्न्स आणि पीट बॉईलनं घेतले. ७७ सर्वबाद, ७ धावांनी पराभव. सी. टी. स्टडसारखा फलंदाज दहाव्या क्रमांकावर एकही चेंडू न खेळता दुसऱ्या टोकाला उभा राहिला. स्पॉफर्थचं पृथक्करण २८ षटकं, १५ निर्धाव, ४४ धावा, ७ बळी. सामन्यात ९० धावांत १४. चार दिवसांनी ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये इंग्लिश क्रिकेटचा थट्टेचा मृत्युलेख छापून आला, त्याची राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल असं सांगणारा, आणि ‘ॲशेस’, म्हणजे राख, हा शब्द खेळात शिरला.

जाता जाता: ओव्हलवरचं असंच एक ऑगस्ट आपल्याही लक्षात आहे. १९७१ च्या २४ ऑगस्टला इंग्लंड हरलं. त्या सामन्यात चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ घेतले तेव्हा इंग्लंडचा डाव संपला होता १०१ वर, म्हणजे १८८२ च्या पहिल्या डावाइतक्याच धावांवर. आणि जिंकलेल्या संघाचा कर्णधार अजित वाडेकर होता स्टेट बँकेतला. बँका आणि क्रिकेट ही जोडी मुंबईकराला परकी नाही; कचेऱ्यांच्या संघांतल्या टाइम्स शील्डच्या सामन्यांत ती पिढ्यान् पिढ्या दिसली आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे बँकेनं खेळाडूला खेळण्यासाठी नोकरी दिली. स्पॉफर्थच्या पिढीत नोकरी आधी आणि खेळ रजेत.

भागीदारीची पेढी फुटली ती १८८४-८५ मध्ये. मर्डॉकचा संघ इंग्लंडहून परतला, आणि मेलबर्नच्या कसोटीसाठी त्यांनी गेटच्या निम्म्या रकमेची मागणी केली. व्हिक्टोरियाच्या संघटनेनं ती धुडकावली आणि अकराच्या अकरा खेळाडू बदलून नवा संघ उतरवला. तो हरला, हे सांगायला नकोच. मालिकेत पाच कसोट्या आणि चार कर्णधार झाले. पहिला मर्डॉक, दुसऱ्या कसोटीत टॉम होरान. तिसऱ्या कसोटीला, सिडनीत, दोन्ही बाजूंपैकी कुणाशीच फारसं वाकडं न झालेला मॅसी कर्णधार झाला. १८८२ नंतर तो दौऱ्यावर गेलाच नव्हता. स्पॉफर्थ संघात परतला, त्यानं ४ आणि ६ मिळून १० बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ६ धावांनी जिंकलं. मॅसीची ती कर्णधार म्हणून पहिली आणि एकूण शेवटचीच कसोटी. चौथ्या कसोटीचा कर्णधार ब्लॅकहॅम. लागोपाठ दोन सामने बँकवाल्यांच्या हाती. पैशावरून पेटलेल्या घरात पैसे मोजायची सवय असलेलीच माणसं पुढं करावी लागली, यात मला तरी गंमत वाटते.

स्पॉफर्थ त्यानंतर व्हिक्टोरियाकडून खेळू लागला. १८८६ च्या दौऱ्यात संघ तिन्ही कसोट्या हरला. त्याच वर्षी त्यानं डर्बीशरमधल्या ब्रेडसॉलच्या फिलिस कॅडमनशी लग्न केलं, आणि १८८८ मध्ये कायमचा इंग्लंडला गेला. सासऱ्यांचा चहाचा धंदा होता. स्टार टी कंपनीत तो व्यवस्थापक झाला, पुढं संचालक. खतावणी तीच, माल बदलला. डर्बीशरकडून खेळताना १८८९ मध्ये यॉर्कशरविरुद्ध ८१ धावांत १५ बळी घेतले, नंतर हॅम्पस्टेड क्लबकडून वर्षानुवर्षं गडी काढत राहिला. ४ जून १९२६ ला सरेतल्या लाँग डिटनला तो वारला तेव्हा मागं १,६४,००० पौंडांची मालमत्ता होती. चहानं दिलेली, बँकेनं आणि क्रिकेटनं मिळून इतकं दिलं नसतं.

ब्लॅकहॅमचा हिशेब वेगळा निघाला. १८९३ चा इंग्लंड दौरा त्याच्या नेतृत्वाखाली बोटीवर चढला, आणि एप्रिल-मेमध्ये मागं ऑस्ट्रेलियात जमिनींच्या सट्ट्यावर उभ्या राहिलेल्या डझनभर बँकांनी व्यवहार थांबवले. जमिनीच्या किमती फुगलेल्या असताना तारणावर वारेमाप कर्जं दिलेली, ठेवी बऱ्याचशा ब्रिटनमधून आणलेल्या. किमती पडल्यावर तारण कागदापुरतं उरलं आणि ठेवीदार दारात आले. स्पॉफर्थची जुनी बँक ऑफ न्यू साउथ वेल्स उघडी राहिली. ब्लॅकहॅमची कलोनियल बँक दार लावणाऱ्यांत होती.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १८९४ मध्ये, सिडनीच्या कसोटीत तो पुन्हा कर्णधार होता. ऑस्ट्रेलियानं पहिल्या डावात ५८६ केल्या, इंग्लंडला फॉलोऑन दिला. जिंकायला १७७ हव्या होत्या, आणि पाचव्या दिवशीच्या खेळाअखेर २ बाद ११३. ६४ धावा, आठ गडी हातात. रात्री पाऊस पडला. सकाळी ऊन निघालं, आणि बारा वर्षांपूर्वी ओव्हलवर ज्या खेळपट्टीनं त्याला सामना दिला होता तसलीच इथं सुकू लागली. या खेपेला मॅसी नव्हता, आणि चेंडू समोरच्या संघातल्या डावखुऱ्या पीलच्या हातात होता. त्यानं ६७ धावांत ६ घेतले. ब्लॅकहॅम शेवटचा फलंदाज म्हणून उतरला, यष्टींमागं जायबंदी झालेला अंगठा घेऊन. दोन धावांवर त्यानं पीलच्याच हातात झेल दिला. सर्वबाद १६६. त्या अंगठ्यानंतर तो कसोटीत यष्टींमागं पुन्हा उभा राहिला नाही.